सदाभाऊ औटींची बिअर

मी जन्मात बिअरचा थेंब तोंडात घेतलेला नाही. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याच्या आत येत नाही. तरीही नव्वदीपासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या कुठल्या परमिट रूममध्ये बिअर कशी मिळायची, कोण खोकी उन्हात ठेवायचा आणि कोण बाटल्या बर्फाच्या लादीखाली पुरायचा, हे मला झोपेतून उठवून विचारा. याचं सगळं श्रेय, किंवा आमच्या बाबूजींच्या भाषेत सगळं पाप, सदाशिव औटी या माणसाकडे जातं.

नारायणगावच्या पेठेत आमचं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले तेव्हा कंदील विकायचे, मी मोटारी आणि केबल विकायला लागलो. सदाभाऊ दुकानात तांब्याच्या नळ्या घ्यायला यायचे. ते कोल्ड स्टोरेजचे मेकॅनिक. मंचरची बटाट्याची गोदामं, आमच्याकडची द्राक्षांची, घोडेगाव-ओतूरकडे दूध थंड करायची यंत्रं, जुन्नरचा बर्फाचा कारखाना. जिथं म्हणून काही गार राहायला हवं, तिथं सदाभाऊ. उंच, हडकुळा देह, खाकी शर्ट, आणि खिशात लोक पेन लावतात तिथं थर्मामीटर. कुठलीही गोष्ट तोंडाला लावण्याआधी ते त्यात थर्मामीटर बुडवायचे. आमच्या दुकानातल्या चहात बुडवायचे तेव्हा मला काही वाटत नसे, पण एका लग्नात त्यांनी पंगतीत वाढलेल्या मठ्ठ्यात तो घातला आणि शेजारचा पाहुणा पान सोडून उठला.

बोलणंही तसंच. बायकोशी वाजलं की दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. "आज घरात उणे चार हाय, शेठ. जरा दुपार कलू द्या, मग जातो."

या माणसाला बिअरचं वेड लागलं ते परदेशात. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडची द्राक्षं साहेबांच्या देशात जायला लागली आणि त्यांना गार करायचं एक अवाढव्य यंत्र जर्मनीहून आलं. ते चालवायला कोणीतरी तिकडं जाऊन शिकून यायला हवं होतं. बागायतदारांनी सदाभाऊंना पाठवलं, कारण बाकीच्या सगळ्यांना विमानाची भीती वाटत होती. सदाभाऊंनाही वाटत होती, पण त्यांना विचारलं कोणी नाही.

जाताना ते सुपारीसुद्धा न खाणारे होते. तिकडं एका लहानशा गावात त्यांची सोय केली होती. भाषा कळत नव्हती, जेवण उतरत नव्हतं, संध्याकाळ झाली की रडायला यायचं. त्यांच्या खोलीखाली एक खानावळ होती आणि खानावळीच्या मागं मालक स्वतः बिअर करायचा. घरची, गावापुरती. एका संध्याकाळी त्यानं या उदास माणसापुढं एक ग्लास ठेवला. पुढचं मी सदाभाऊंच्याच शब्दांत सांगतो, कारण ते मी इतक्यांदा ऐकलंय की तो घोट मीच घेतलाय असं वाटतं.

"काळपट तांबूस रंग, शेठ. काकवीवाणी. वर फेस, पण साबणाचा न्हवं, सायीचा. पयल्यांदा भाजल्या भाकरीचा वास आला. मग कडू, पण वंगाळ कडू न्हाई. आन् सगळं पोटात गेल्यावर मागनं जिभेवर जरासं गोड. मला आमच्या खळ्याची आठवण झाली. मी रडायचा थांबलो."

ते परत आले, यंत्र सुरू झालं, द्राक्षं बोटीत चढली. आणि सदाभाऊ तशा बिअरच्या शोधाला लागले.

आता हा शोध करायला त्यांच्याकडं काय होतं? एक स्कूटर आणि दोन तालुके. यंत्र दुरुस्त करायला ज्या गावी जायचे, तिथली परमिट रूम काम आटोपल्यावर बघायची. एकच ग्लास. तोही बहुतेक वेळा अर्धा टाकून उठायचे. एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचे. "ओलं पोतं." "गंजाचा नळ." "शाळेतली पाटी पुसायचं फडकं." या निकालावर अपील नव्हतं.

मी यात सापडलो तो शकुंतलावहिनींमुळे. वहिनी म्हणजे सदाभाऊंच्या मिसेस. बुटक्या, गोऱ्या, आणि आवाज असा की द्राक्षाच्या मळ्यात पाखरं राखायला गोफण लागत नसे. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी ऐन उमेदीत गेला होता. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्यासमोर कोणी तो विषय काढत नसे. नवरा जर्मनीहून हे खूळ घेऊन आला तेव्हा वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जायाचं तर कांतीभावजींना संगं घेऊन जायाचं. त्ये पीत न्हाईत. तुमी दुसरा गिलास मागितला तर मला येऊन सांगतील."

तेव्हापासून मी सदाभाऊंच्या स्कूटरवर मागं. ते बिअर मागवायचे, मी लिंबू सोडा. दोन तालुक्यांत बातमी पसरायला वेळ लागला नाही: पेठेतल्या शेठजींचा कांतीलाल बारमध्ये बसतो. बाबूजी रोज संध्याकाळी मी घरी आलो की काहीतरी कानात सांगायचं निमित्त करून जवळ यायचे आणि माझ्या तोंडाचा वास घ्यायचे. लिंबाचा वास आला की त्यांचा संशय आणखी वाढायचा. "वास मारायला लिंबू खाल्लंस ना?"

मंचरचा प्रसंग त्याच काळातला. बटाट्याच्या गोदामातलं काम आटोपून आम्ही हायवेवरच्या एका नव्या परमिट रूममध्ये शिरलो. बाहेर ट्रकांची रांग, आत भिंतीला निळे दिवे. सदाभाऊंनी बाटली मागवली. आधी ती उजेडाकडं धरून फिरवली. मग झाकण काढून हुंगलं. ग्लासात ओतून थर्मामीटर बुडवला आणि घड्याळाकडं बघत बसले. वेटर आत पळाला. जरा वेळानं मॅनेजर आला, हात जोडून.

"साहेब, आधी फोन केला असता तर व्यवस्था ठेवली असती."

"कसली?" सदाभाऊंनी विचारलं.

मॅनेजरनं नुसतंच हसून खूण केली. वेटरनं आमच्यापुढं कोंबडीचा रस्सा, तळलेले मासे आणि सुक्या मटणाची ताटली आणून मांडली. माझ्या नाकासमोर. मी सोड्याची बाटली उचलून खुर्ची भिंतीपर्यंत मागं नेली. मॅनेजर माझ्याकडं वळला आणि हळूच म्हणाला, "शेठ, तुमी साहेबांचे जवळचे दिसताय. स्टॉक सगळा बिलाचा आहे. जरा समजावा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा आम्हाला दारूबंदी खात्याचे समजतोय. मी म्हटलं, "अहो, हे साहेब नाहीत. हे फ्रीज दुरुस्त करतात."

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी सुटका झाल्याचा, मग फसल्याचा, मग एकदम व्यवहाराचा. ताटल्या आल्या तशा आत गेल्या. "मग आमचापण बघा की," तो म्हणाला. "आवाज करतोय."

दुसरा कोणी असता तर भडकला असता. सदाभाऊ बाह्या सरसावून फ्रीजमागं गेले. दुरुस्त केला आणि निघताना बटण फिरवून आतला गारवा स्वतःच्या मनाप्रमाणं लावून आले. "तीन डिग्रीवर ठेवली व्हती, शेठ. जीभ बधिर झाल्यावर मानसाला काय कळणार? आता कळंल."

कळलं. पुढच्या आठवड्यात त्याच मॅनेजरचा दुकानात फोन आला. ट्रकवाले गरम बिअर दिली म्हणून टेबलं आपटत होते. पुढं सदाभाऊंनी हाच प्रयोग आळेफाट्यालाही केला आणि तिथं तर आम्हाला मागच्या दारानं निघावं लागलं. माणसांना गार हवं असतं, चांगलं नको असतं, हे त्यांना पटायलाच तयार नव्हतं. "गार म्हंजे निसतं गार," ते म्हणायचे. "गार म्हंजे चांगलं न्हवं. मी आख्खं आयुष्य गार करण्यात घातलंय, मला सांगता का?"

दोन तालुके संपले. नाशिक झालं, कोल्हापूर झालं, एकदा यंत्रांच्या प्रदर्शनाला म्हणून बेंगळूरला गेलो तिथंही झालं. सगळीकडं तीच कारखान्याची बिअर, लेबलं तेवढी निराळी. परतताना रेल्वेत सदाभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मिळत न्हाई तर करावी लागंल."

मी हादरलो. "कुठं?"

"घरी."

घरी म्हणजे वहिनींच्या घरी! आणि तेही कायद्यानं गुन्हा. मी दोन्ही धोके समजावून सांगितले. कायद्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वहिनींचं वाटलं, म्हणून त्यांनी सगळं गुपचूप करायचं ठरवलं.

त्यांनी जव आणले. मटकीला आणतात तसे फडक्यात बांधून मोड आणले, वाळवले, तव्यावर भाजले, भरडले. वहिनींना सांगितलं की डॉक्टरनं पौष्टिक पीठ खायला सांगितलंय. बेकरीतून खमीर आणलं. अडचण एकच होती. तिकडं बिअरमध्ये वेलीवर येणारं एक कडवट फूल घालतात, ते आपल्याकडं मिळेना. सदाभाऊंनी त्याऐवजी काडेचिराईत घातलं. मी पिणारा नसल्यानं पहिला घोट त्यांनीच घेतला. तोंड पुसलं. मग म्हणाले, "ताप असता तर उतरला असता."

दुसऱ्या खेपेला मेथ्या घातल्या. "बाळंतिनीला द्यायला बरी हाय."

तिसऱ्या खेपेला मात्र गडी खूष होता. काय घातलं होतं ते मलाही सांगितलं नाही. बाटल्या भरून, बुचं तारेनं आवळून, ओल्या पोत्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. "चैत्र संपंस्तवर मुरंल," म्हणाले.

नेमकं त्याच चैत्रात वहिनींनी गावातली परमिट रूम बंद करायचं मनावर घेतलं. शाळेच्या रस्त्यावरच होती ती. तेव्हा नियम निघाला होता की गावातल्या बायकांना मतदान करून दारूचं दुकान बंद पाडता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. वहिनींनी बचत गटाच्या बायकांची सभा घरीच बोलावली. भर दुपारची वेळ, अंगण तापलेलं. मी पाण्याच्या टाकीची मोटर द्यायला गेलो होतो, म्हणून ओसरीवर सदाभाऊंशेजारी बसलो होतो. आत वहिनींचं भाषण रंगात आलं होतं. "बाटली घरात शिरली की घर ऱ्हात न्हाई, बायांनो."

आणि माळ्यावर फट्ट आवाज झाला.

बायकांना वाटलं गॅसची टाकी. निम्म्या अंगणात पळाल्या. तेवढ्यात दुसरी फुटली, तिसरी फुटली, मग मोजता येईनात. माळ्याच्या फळीतून तांबूस फेसाळ धार निघाली आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवरून, म्हणजे सदाभाऊंच्या कैलासवासी वडिलांच्या मिशांवरून, खाली ओघळायला लागली.

सदाभाऊंनी माझा दंड धरला. त्यांचा हात नेहमी गार असायचा, त्या दिवशी तो बर्फ होता. एवढं होऊनही माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "फेस बघितला का, शेठ? सायीचा."

आत वास येताच वहिनींना सगळं उमगलं, तरी त्यांनी प्रसंग सावरायचा यत्न केला. "केचप हाय! टमाट्याचा भाव पडलाय म्हणून यांनी केचप करून ठेवलं व्हतं."

गावातल्या सगळ्यांत वयस्क सरूआत्या. त्या हलल्या नव्हत्या. त्यांनी भिंतीवरचा ओघळ बोटानं टिपला, नाकाशी नेला आणि शांतपणे म्हणाल्या, "शकुंतला, ह्ये केचप आमच्या मालकाच्या तोंडाला रोज सांजच्याला येतंय गं."

क्षणभर कोणाला हसावं की नाही ते कळेना. मग वहिनींनी पदर खोचला. "न्हाई आत्या. खोटं बोलले. बिअर हाय. माझ्याच घरात हाय." आणि ओसरीकडं वळून, "अहो, आत या."

सदाभाऊ आत गेले. चाळीस-पन्नास बायकांपुढं एवढा उंच माणूस मान खाली घालून उभा राहिला. सरूआत्या म्हणाल्या, "बोला, औटी."

त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण बोलता बोलता कधी जवाला मोड आणण्यावर घसरले ते त्यांनाही कळलं नाही. किती भिजवायचे, भाजताना आच किती ठेवायची, वास कधी सुटतो. बायका कान देऊन ऐकायला लागल्या. एकीनं तर "मोड लांबले तर कडू होत असंल न्हाई?" असं विचारलंसुद्धा. सदाभाऊंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना समजणारं कोणी भेटलं होतं.

"बास," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, म्हणून सगळे गप्प झाले. "तुमची बिअर निराळी हाय, मला ठाव हाय. तुमी कधी झिंगत घरी आला न्हाई, त्येबी ठाव हाय. पन बाटलीला ठाव न्हाई. ती कोनाच्याबी हातात जाती."

सदाभाऊ माळ्यावर चढले. उरलेल्या बाटल्या एकेक करून खाली आणल्या आणि मागच्या नारळाच्या बुडात ओतल्या. सगळ्यांसमोर. शेवटची ओतताना जरा थांबले, एवढंच. परत आले आणि म्हणाले, "पुन्हा घरात करनार न्हाई." आणि केली नाही.

पण गोष्ट तेवढ्यावर मिटली नाही. परमिट रूमच्या मालकाला आयतं कोलीत मिळालं. ग्रामसभेत तो उठून म्हणाला, "ज्या बाईच्या माळ्यावर कारखाना निघाला, तिनं आम्हाला शिकवू नये." सभेत खसखस पिकली. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. तेव्हा मागून सदाभाऊ उठले.

"ह्यांची बिअर मी प्यालोय," ते म्हणाले. "खोकी पत्र्याखाली उन्हात ठिवत्यात. कालची उघडी बाटली आज विकत्यात. आसली बिअर इकनाऱ्याला गावात ठिवायचं कारनच न्हाई."

आता सगळी सभा मोकळेपणानं हसली, मालकाच्या बाजूचेसुद्धा. हसणं ओसरेपर्यंत सदाभाऊ उभेच राहिले.

"माझ्या मेव्हन्याला ह्याच दुकानाच्या बाकावरनं मी उचलून आनलाय. लई डाव. त्यो माझ्यापेक्षा वाईट मानूस न्हवता. मी एका गिलासावर थांबतो, ती काय माझी हुशारी न्हवं. मला घरी कुनीतरी वाट बघतंय ह्याची याद ऱ्हाते. त्याला ऱ्हायली न्हाई. ज्यांना ऱ्हात न्हाई त्यांच्यासाठी आडवी बाटली करा."

मी त्यांना इतकं लांब बिअरशिवाय कशावर बोलताना ऐकलं नव्हतं. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मतदान झालं, बाटली आडवी झाली. त्या संध्याकाळी सदाभाऊ दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. मी म्हटलं, "आज घरात किती?" तर म्हणाले, "लई उबारा हाय, शेठ. म्हणून जरा भाईर आलो."

घरात करायची नाही म्हटल्यावर दुसरं कोणी करतं का, याचा शोध सुरू झाला. एक दिवस जुन्नरच्या जीपवाल्यानं बातमी आणली. घाटघरला, नाणेघाटाच्या अलीकडं, पुण्याचे एक साहेब जमीन घेऊन राहिलेत. बँकेतून रिटायर झालेले. ते मोठ्या पिंपात काहीतरी आंबवतात. तपकिरी रंगाचं. वर फेस येतो. आणि साहेब सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्यानं ढवळतात, ते पण एकाच दिशेनं.

"लाकडी दांड्यानं?" सदाभाऊ ताडकन उठले. "तिकडंबी लाकडीच व्हता."

हिवाळ्यात एका सकाळी आम्ही निघालो. जुन्नरपासून जीपमध्ये कोंबून घेतलं, माझ्या मांडीवर कोणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं. सदाभाऊंनी परीटघडीचा शर्ट घातला होता आणि पिशवीत स्वच्छ पुसलेला एक ग्लास घेतला होता. साहेब भले गृहस्थ. डोक्यावर कापडी टोपी, पायात गमबूट. "तुम्ही मुद्दाम हे बघायला आलात?" त्यांना गहिवरून आलं. झाडाखालच्या पिंपावरचं गोणपाट त्यांनी देवावरचं वस्त्र काढावं तसं बाजूला केलं.

सदाभाऊ वाकले. डोळे मिटून वास घेतला. कपाळाला आठी पडली, पण त्यांनी ती निश्चयानं घालवली. थर्मामीटर बुडवला, मान डोलावली.

"घेऊन बघा," साहेब म्हणाले. "एकदा घेतलंत की दुसरं काही वापरणार नाही."

सदाभाऊंनी पिशवीतला ग्लास काढला, पिंपात बुडवला, भरला आणि उजेडाकडं धरला. "फेस जरा पातळ हाय," म्हणाले आणि ग्लास ओठांशी नेला.

"अहो!" साहेब किंचाळले. "ते पिकाला घालायचं असतं! शेण आहे त्यात! शेण, गोमूत्र, गूळ, बेसन!"

सदाभाऊ तसेच थिजले. मग ग्लास हळूच खाली घेतला. एवढ्या फजितीतही त्यांनी जे विचारलं ते मी विसरणार नाही. "बेसन कशापायी?"

साहेबांनी समजावून सांगितलं. नंतर खूप आग्रह करून एक कॅन भरून दिला, तो सदाभाऊंनी पुढं माझ्या मेव्हण्याच्या डाळिंबांना घातला आणि डाळिंबं उत्तम आली.

साहेबांच्या शेतावर राखणीला असलेल्या माणसाची बायको हे सगळं पडवीतून बघत होती. तिला हसू आवरत नव्हतं. आम्ही परत निघालो तर तिनं थांबवलं. "पावणं, तसंच नगा जाऊ. आंबील घ्या." नाचणीची, ताकातली. तिनं दोन जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाट्या पुढं केल्या. सदाभाऊंनी वाटी तोंडाला लावली आणि मी वाट बघत राहिलो, आता पोतं येतं की फडकं.

त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. वाटी संपवली. पुन्हा पुढं केली. मीही घेतली. जराशी आंबट, जराशी खरपूस, गार वाऱ्यात पोटाला बरी वाटणारी. इतकी वर्षं दोघं मिळून हिंडलो होतो, पण दोघं एकच वस्तू प्यायलो ती त्या दिवशी पहिल्यांदा.

"बाई," निघताना सदाभाऊ तिला म्हणाले, "लई हिंडलोय मी. लई चांगली झालीया." तिला कळलं नाही तिला केवढं प्रमाणपत्र मिळालं ते.

दोन हजारनंतरचं दशक संपता संपता त्यांच्या मुलीनं, सुजातानं, पुण्याहून माझ्या दुकानात फोन केला. ती तिथं नोकरीला होती. पुण्यात एक नवीन जागा उघडलीय, तिथल्या तिथं बिअर करतात, काचेपलीकडं तांब्याची मोठमोठी भांडी दिसतात. बाबांना घेऊन या. मी घरी जाऊन सांगितलं, तसं सदाभाऊंनी वहिनींकडं बघितलं. तेव्हा त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला होता, आणि वहिनींच्या परवानगीशिवाय ते चहासुद्धा घेत नसत.

वहिनी म्हणाल्या, "मीबी येते. जिच्यापायी जलम घालवला ती बया दिसती कशी बघते तरी."

असे आम्ही त्या जागी गेलो. भोवती सगळी पोरं-पोरी, कर्कश गाणी. मध्ये आम्ही: इरकली लुगड्यातल्या वहिनी, खाकी शर्टातले सदाभाऊ, जीन्समधली सुजाता आणि टोपी घातलेला मी. वहिनींनी आणि मी लिंबूपाणी मागवलं. सदाभाऊंपुढं ग्लास आला. काळपट तांबूस. त्यांनी तो नुसता बघितला. मग एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

सुजाता म्हणाली, "बाबा?"

"चांगली हाय," सदाभाऊ म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून हा निकाल बिअरबद्दल कधी ऐकला नव्हता. मला वाटलं आता ते हसतील, निदान वर्णन तरी सुरू करतील. पण त्यांनी ग्लास सावकाश संपवला आणि एखादं लग्नकार्य आटोपल्यावर मांडवात बसतात तसे रिकामे बसून राहिले.

"शेठ," ते म्हणाले, "आता काय करायचं वो?"

उत्तर वहिनींनी दिलं. "करायचं काय? घरी चला. मंचरचं गोदाम सकाळधरनं बंद हाय, तीनदा फोन येऊन गेला. बटाटं सडतील लोकांचे."

"तीनदा? आन् तू आत्ता सांगतीस?"

"आधी सांगितलं असतं तर तुमी आला असता का हितवर?"

पुढं दोन पावसाळे गेले आणि सदाभाऊ गेले. शेवटी ते दवाखान्यात होते, मी रोज जात होतो, पण ते सदाभाऊ मला आठवायचे नाहीत. मला आठवतात ते त्याच संध्याकाळचे, पुण्यातल्या शिवाजीनगरच्या स्टँडवरचे. मला पुण्यात माल घ्यायचा होता, म्हणून मी मागं राहिलो. नारायणगावची एसटी लागली होती. भर गर्दीत दोघं चालले होते. वहिनींनी त्यांचं कोपर धरलं होतं आणि सदाभाऊ दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होते. एवढा रंग, एवढा फेस. वहिनी मान वर करून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी काहीतरी विचारलं, तसे सदाभाऊ गर्दीत तिथंच थांबले आणि नीट समजावून सांगायला लागले. मागचे लोक ओरडत होते, कंडक्टर घंटी देत होता, आणि वहिनी त्यांना पुढं ढकलत म्हणत होत्या, "आवो, चढा तरी. गाडीत सांगा. मी कुठं जातेय?"